तीन पट्ट्यांची जागा

"झिजल्यात हो फार. सध्या काढूनच टाका. नव्या नंतर बघू."

बाईने गणवेशाचे दोन शर्ट काउंटरवर ठेवले. घडी नीट होती, तरी ती मोडून पुन्हा घालू लागली. काकूंनी वरचा शर्ट आपल्याकडे ओढला आणि बाहीवरच्या तीन पट्ट्यांवरून अंगठा फिरवला. शर्ट धुऊन धुऊन विटला होता, कॉलर आतून विरली होती. पट्ट्या मात्र जागच्या जागी होत्या. टोक सुटलेलं नव्हतं, दोरा कुठे ढिला पडला नव्हता. टीप त्यांच्या स्वतःच्याच हातची होती. काही वर्षांपूर्वी हीच बाई नवऱ्याबरोबर आली होती. नवरा नुकताच हवालदार झाला होता आणि भिंतीवरच्या आरशासमोर उभा राहून, कुणाचं लक्ष नाही असं बघून दंड पुढे काढत होता.

"झिजल्यात खऱ्या," काकू म्हणाल्या. "कधी पाहिजेत?"

"उद्या सकाळी. परेड आहे."

"मग आज संध्याकाळी ये."

बाई दारापर्यंत गेली आणि परत आली.

"काकू, खाली काही राहणार नाही ना? म्हणजे डाग वगैरे?"

"पट्टीखालचं कापड उन्हात येत नाही. गडद राहतंच थोडं."

"ते दिसायला नको." तिने काउंटरची कड धरली. "काहीच दिसायला नको. इथं कधी काही नव्हतंच, असं पाहिजे मला. तुमचा हात आहे म्हणून तुमच्याकडे आले."

"दिसणार नाही," काकू म्हणाल्या. "जा तू. घरी जाऊन काहीतरी खाऊन घे."

तिने काही खाल्लेलं नाही हे काकूंना कसं कळलं, ते बाईने विचारलं नाही. ती गेली.

छावणीच्या फाटकासमोर रस्त्याच्या अलीकडे काकूंचं दुकान होतं. दुकान कसलं, एक खोली. दर्शनी भागात काउंटर, मागे दोन मशिनं, भिंतीवर काचेच्या कपाटात तारे, पट्ट्या, बिल्ले, टोपीवरची चिन्हं, चकचकीत बटणं. दुकान मूळ मास्तरांचं, म्हणजे काकूंच्या नवऱ्याचं. अजूनही सगळे त्यांना टेलरमास्तरच म्हणत. पण डोळ्यांतल्या काचबिंदूने त्यांची नजर हळूहळू नेली होती. आता त्यांना उजेड कळे, माणसाची आकृती कळे, सुईचं नेढं मात्र कायमचं परकं झालं होतं. ते दाराशी खुर्ची टाकून बसत, दोऱ्यांची रिळं लावून देत आणि गिऱ्हाइकांशी बोलत. शिवायचं सगळं काकूंकडे.

लग्न होऊन आल्या तेव्हा काकूंना शिपाई आणि सेनापती यांतला फरक माहीत नव्हता. पहिल्याच आठवड्यात त्यांनी एका कर्नलसाहेबांना "भाऊ, जरा रांगेत थांबा, ह्यांचं आधी होऊ द्या," असं सांगून एका पोरसवदा शिपायाच्या मागे उभं केलं होतं. कर्नलसाहेब निमूट थांबले. शिपाई मात्र आपलं काम टाकून पळाला तो तिकडे महिनाभर फिरकला नाही.

त्या रात्री मास्तर हसून हसून बेजार झाले. मग त्यांनी चादरीवर सगळे बिल्ले मांडले. एक पट्टी कुणाची, दोन कुणाच्या, तीन पट्ट्यांचा हवालदार. खांद्यावर तारे आले की अधिकारी. तीन तारे म्हणजे कॅप्टन. त्यानंतर तारे संपून राजचिन्ह येतं आणि मेजर होतो, आणि राजचिन्हाबरोबर पुन्हा तारे येऊ लागले की माणूस आणखी वर गेलेला असतो. "म्हणजे माणूस मोठा झाला की त्याचे तारे आधी काढून घेतात?" असं काकूंनी विचारलं होतं. पुढे कितीतरी दिवस जेवणं आटोपली की दोघं समोरासमोर बसत. ते बिल्ला धरत, "हा कोण?" आणि काकू सांगत. इतर नवी जोडपी तारे बघायला गच्चीवर जातात, आपण पलंगावरच बघितले, असं काकू पुढे सांगत आणि मास्तर लाजत.

एकदा शिकल्यावर मात्र त्यांनी त्यात चूक केली नाही. रस्त्यापलीकडून येणाऱ्या माणसाची बाही आधी दिसे, चेहरा मागाहून. छावणीतली प्रत्येक बढती त्यांच्या सुईखालून जाई. बऱ्याच जणांच्या बायकांना बातमी कळायची त्याआधी काकूंना कळलेली असे, कारण माणूस आदेश हातात पडला की सरळ पट्ट्या घ्यायला येई आणि मग घरी जाई. नवीन पट्टी लावून दिली की काकू ती तळहाताने एकदा थोपटत. त्यांना स्वतःच्या कामाबद्दल शंका नव्हती. आपण लावलेली पट्टी माणसाबरोबर निवृत्त होते, मध्येच सुटत नाही, असं त्या खुशाल सांगत.

आज सुटणार होती. त्यांनी ब्लेड घेतलं आणि टीप उसवायला सुरुवात केली.

पहिली बाही अर्धी झाली असेल, तोच मेसचा आचारी आला. काकूंनी शर्ट मांडीवर ओढून त्यावर स्वतःचा पदर पसरला.

"काकू, विजार पुन्हा ढिली करायचीय."

"मागच्या वेळेलाच शिवणीतलं सगळं कापड सोडलंय तुझ्या. आता सोडायला काही उरलं नाही. तू तरी कमी हो."

"चव बघावी लागते हो. नोकरीचा भाग आहे."

"चव चमच्याने बघतात. तू ताटाने बघतोस," मास्तर दाराशी बसून म्हणाले.

आचारी हसला आणि काउंटरवर रेलला. विजारीचं निमित्त होतं. त्याच्याजवळ बातमी होती आणि ती त्याला ठेववत नव्हती.

"कळलं ना? त्या ट्रकवाल्या हवालदाराचा निकाल लागला. सगळ्या पट्ट्या गेल्या. साधा शिपाई केला त्याला."

"कोणता ट्रक?" मास्तरांनी विचारलं.

"म्हणजे तुम्हाला माहीतच नाही? घाटात उलटला नाही का मागे. सरावाहून परत येत होते. दुसरी गाडी पुढं गेली म्हणून ह्याला चेव आला. स्वतः चालवत नव्हता, पण शेजारी बसून ड्रायव्हरला सांगत होता, दाब, दाब, काढ पुढं. वळणावर गेली खाली. बाकीचे खरचटण्यावर वाचले, एका पोराचा पाय गेला, गुडघ्याखाली. नवीनच भरती झालेला होता." आचाऱ्याने आवाज खाली आणला. "ड्रायव्हरवर ढकललं असतं तर वाचला असता म्हणतात. पण चौकशीत ह्यानेच सांगितलं, हुकूम माझा होता. कुणी विचारायच्या आत."

पदराखाली काकूंचं बोट बाहीवर होतं.

"इकडे आला होता का तो? पट्ट्या काढायला?"

"इकडे लोक पट्ट्या लावायला येतात," काकू म्हणाल्या. "काढायच्या असतील तर घरोघरी ब्लेड आहेच की. विजार ठेव, परवा ये."

आचारी गेल्यावर मास्तरांनी खुर्ची वळवली.

"कुणाचा शर्ट आहे मांडीवर?"

"तुम्हाला कसं दिसलं?"

"दिसलं नाही. उसवताना आवाज येतो. तो आल्यावर थांबला."

काकूंनी शर्ट त्यांच्या हातात दिला. मास्तर दिसत नसलं तरी कपडा बोटांनी वाचत. नव्या बिल्ल्यांचे खोके फोडताना तेच हात लावून वेगळे करून ठेवत. त्यांनी उसवलेल्या भागावर बोटं ठेवली. सुईची भोकं ओळीने लागली. वर, मग खाली, मग पुन्हा वर.

"तीन," ते म्हणाले. "भोकं बुजतील वाफेने. रंगाचं काय?"

"गडद आहे. चांगलंच. खिडकीतून सुद्धा दिसेल."

"मग?"

"त्याच्या बायकोला शब्द दिलाय. काही दिसणार नाही म्हणून."

"रंगाला तुझा शब्द कळतो होय?"

काकू उठल्या. वाफेची इस्त्री केली, ब्रश मारला, ओलं करून उन्हात धरलं. भोकं बुजली. पण तीन पट्ट्या तशाच राहिल्या, कापडाच्याच रंगाच्या, फक्त ताज्या. सगळा शर्ट म्हातारा आणि तेवढीच जागा तरुण. काकूंनी ती थोडा वेळ बघितली. मग त्या माळ्यावर चढल्या आणि न्यायला कधीच कुणी न आलेल्या कपड्यांचं बोचकं खाली काढलं. त्यात दोन जुने शर्ट होते, कुण्या बदली होऊन गेलेल्या शिपायाचे, इतकेच विटलेले. कापडं शेजारी धरून त्या दारात उजेडाला गेल्या. रंग जुळत होता. धाग्याला धागा जुळत होता.

"बाह्या बदलते," त्या म्हणाल्या.

"अख्ख्या?"

"अख्ख्या. खांद्याच्या शिवणीत, मुंढ्यापासून उसवून."

हे काम कुणी करत नाही. नवी बाही जोडणं सोपं असतं. जुन्या शर्टाला जुनीच बाही जोडायची, आणि तीही मूळच्याच भोकांतून टीप घेत, म्हणजे डोळ्यांची परीक्षा. काकू जेवायलासुद्धा उठल्या नाहीत. मास्तरांनी दोनदा चहा आणून ठेवला, तो दोनदा निवला. दुपार कलली तेव्हा पहिला शर्ट पुरा झाला. त्यांनी तो हँगरला लावून खिळ्याला अडकवला आणि मागे सरकून पाहिला. बाही गुळगुळीत होती. तिथे कधी काही नव्हतंच.

"जगात कुणी ओळखून दाखवावं," त्या म्हणाल्या. "दुकान लिहून देईन."

"दुकान माझ्या नावावर आहे," मास्तर म्हणाले.

दुसऱ्या शर्टाच्या पट्ट्या उसवून झाल्या होत्या, बाह्या उतरवायच्या होत्या. तेवढ्यात ती बाई आली. एकटी नव्हती. मागे नवरा होता, साध्या कपड्यांत. उंच माणूस, पण दारातून वाकून आत आला तो सरळ व्हायचं विसरल्यासारखा तसाच उभा राहिला.

"ऐकत नाहीत हे," बाई म्हणाली. "मी सांगितलं, काकू करताहेत सगळं नीट. तरी आले."

त्याने खिळ्यावरचा शर्ट पाहिला. जवळ गेला. बाही हातात धरून उजेडाकडे वळवली, उलटी करून आतली शिवण बघितली.

"बाह्या दुसऱ्या आहेत?"

"ओळखलंत?" काकूंना वाईट वाटायच्या ऐवजी कौतुकच वाटलं.

"बाहेरून नाही ओळखता येत. माझ्या बाहीला आत शाईचा डाग होता, म्हणून." त्याने बाही सोडली. "फार मेहनत घेतलीत काकू. पण मला माझ्याच बाह्या लावून द्या."

"अहो, त्यांवर दिसतं."

"म्हणूनच."

काकूंनी चष्मा काढला. असं त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं. त्यांचं सगळं आयुष्य शिवण दिसू नये म्हणून गेलं होतं.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "मी तुमच्या आईच्या वयाची नसेन, पण मावशीच्या वयाची तरी आहे. उद्या सगळ्यांसमोर उभं राहायचंय तुम्हाला. लोकांच्या नजरा पहिल्या तिथंच जाणार. रोज जाणार. नवा माणूस आला तरी तो विचारणार. कशाला अंगावर घेऊन फिरायचं? शिक्षा झाली ती झाली. आदेशात पट्ट्या काढा म्हटलंय. डाग दाखवा असं कुठं म्हटलंय?"

"डाग नाही तो," तो म्हणाला.

त्याचा आवाज चढला नव्हता. पण बाईने मान वर केली.

"चौदा जणांत मी एकटा निवडला गेलो होतो तेव्हा. फुकट नव्हत्या मिळाल्या. पावसात, थंडीत, माणसं सांभाळून मिळवल्या. तुमच्या त्या बाह्या घातल्या तर मी कधी हवालदार नव्हतोच असं होईल. होतो की. चांगला होतो. त्या एका दिवसापर्यंत चांगला होतो." तो थांबला. "आणि तो पोरगा आहे, दवाखान्यात. मी जातो त्याच्याकडे. बोलत नाही फारसा, पण माझ्या दंडाकडे बघतो. उद्या परेडनंतर जाईन तेव्हाही बघेल. त्याला कळायला पाहिजे ना, की होत्या आणि गेल्या. बाही गुळगुळीत दिसली तर त्याला वाटेल, ह्याने झाकलं. त्याला काय झाकता येतं? त्याची विजार काय शिवणार तुम्ही?"

रस्त्यावरून एक सायकल गेली.

"आणि आम्ही?" बाई म्हणाली. ती नवऱ्याकडे नाही, काउंटरकडे बघत होती. "तुम्ही सकाळी जाता ते संध्याकाळी येता. क्वार्टरच्या नळावर मला उभं राहावं लागतं. लेकीला शाळेत जावं लागतं. तुमच्या बाहीवरचं आम्हाला सगळीकडे न्यावं लागेल."

"हो," तो म्हणाला. "न्यावं लागेल. त्याबद्दल माझ्याकडे बोलायला तोंड नाही."

"मग?"

"नळावर बाया काय म्हणतील ते आजही म्हणतायत. बाही बदलून त्या गप्प बसणार आहेत का?" तो तिच्याजवळ गेला, पण हात लावला नाही. "तुला नको असेल तर राहू दे. ह्याच बाह्या घालतो. तू सांग."

बाईच्या डोळ्यांत पाणी आलं नाही, फक्त नाकपुड्या हलल्या. मग तिने खिळ्यावरचा शर्ट काढला, काउंटरच्या आत आली आणि काकूंच्या शेजारच्या स्टुलावर बसली.

"ब्लेड आहे का आणखी?" तिने विचारलं. "तुमच्या एकटीने होणार नाही. उजेड जाईल."

काकूंनी मास्तरांकडे बघितलं. मास्तर दाराशी हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते.

"उसव," ते म्हणाले.

काकूंनी उसवलं. दिवसभरात साधलेली ती शिवण, आयुष्यातली सगळ्यांत सफाईची, दोघी बायकांनी दोन बाजूंनी कापून काढली. मनाला लागलं नाही असं नाही. पण हात थांबला नाही. जुन्या बाह्या पुन्हा मुंढ्यांना लावताना काकूंनी मुद्दाम दुहेरी टीप मारली. बाईने इस्त्री केली. तिने गडद जागेवरून इस्त्री नेली तेव्हा ती जरा हळू फिरली, आणि मग बाकीच्या शर्टावर फिरली तशीच फिरली.

तो बाहेर पायरीवर मास्तरांशी बोलत बसला होता. मास्तर त्याला काचबिंदूचं सांगत होते, की पहिली काही वर्षं आपण कुणाला कळूच दिलं नाही, अंदाजाने कैची चालवत राहिलो, एका मेजरसाहेबांचा कोट बिघडवला. "ही म्हणाली, सांगून टाका एकदा. सांगितल्यावर गिऱ्हाईक कमी झालं नाही. उलट बसायला खुर्ची मिळाली." तो हसला. दुकानात आल्यापासून पहिल्यांदाच.

शर्ट तयार झाले. पट्ट्यांचे जोड काकूंनी एका कागदात गुंडाळले. एरवी उतरवलेल्या पट्ट्या चिंध्यांच्या पिशवीत जात, कुणी मागत नसे.

"ह्या न्या," त्या म्हणाल्या.

बाईने हात पुढे केला नाही. त्याने कागद घेतला, उघडून पाहिला आणि परत काउंटरवर ठेवला.

"तुमच्याकडे राहू द्या. शिपायापासून पुन्हा चढायला बंदी नाही. लागतील तेव्हा येईन."

"वय बघितलंत का स्वतःचं?" बाई म्हणाली, पण तिच्या बोलण्याला आता धार नव्हती.

"एक एक करून येईन," तो म्हणाला.

"या," काकू म्हणाल्या. "टीप मीच मारीन. पण ह्या वेळेला ट्रकमध्ये मागे बसा."

बोलून गेल्यावर त्यांना वाटलं, जास्त झालं. पण तो त्यांच्याकडे सरळ बघून म्हणाला, "मागेच बसणार. पोरांच्यात." आणि दारातून बाहेर पडताना, वाकावं लागलं तेवढंच वाकला.

सकाळी काकूंनी नेहमीपेक्षा लवकर दुकान उघडलं. परेडला जाणारी तुकडी क्वार्टरकडून निघून याच रस्त्याने फाटकात शिरते. काकू झाडू हातात घेऊन दारात उभ्या राहिल्या, पण झाडलं नाही. मास्तर खुर्चीवर होते. बुटांचा आवाज आधी आला.

"आले?" त्यांनी विचारलं.

"आले."

रांगा समोरून जाऊ लागल्या. हवालदार कडेने चालतात, रांगेच्या बाहेर, आवाज देत. त्या जागी आज दुसराच माणूस होता, नव्या पट्ट्यांचा, त्याचा आवाज अजून हुकमाला सरावलेला नव्हता. काकू रांगांत शोधत राहिल्या. एका बाजूला नळावरच्या दोन बाया येऊन उभ्या होत्या. थोड्या अंतरावर कालची ती बाईही होती. लेकीचा हात धरून, सगळ्यांच्या पुढे.

"कुठं आहे?" मास्तर म्हणाले.

"शेवटच्या रांगेत. नव्या पोरांच्या बरोबर."

"आणि ते? दिसतं का?"

काकूंनी नजर त्याच्या दंडावर ठेवली. उन्हाची पहिली तिरीप रस्त्यावर आली होती आणि विटलेल्या कापडावर तीन पट्ट्या स्वच्छ दिसत होत्या, कुणी नुकत्याच काढल्यासारख्या. शेजारचा पोरगा चोरून तिकडे बघत होता. तो मात्र समोर बघत होता आणि त्याचा पाय सगळ्यांच्या पायाबरोबर पडत होता.

"दिसतं," काकू म्हणाल्या. "चांगलं दिसतं."

मास्तर खुर्चीचा हात धरून उठले आणि बुटांचा आवाज ज्या बाजूने येत होता तिकडे तोंड करून उभे राहिले. शेवटची रांग फाटकातून आत वळली, तरी ते खाली बसले नाहीत.